एक गाववाला

"कॉन्सेप्टाआंटींनी खूप वर्षं गायलं. आता शेवटच्या कडव्याला त्यांना श्वास पुरत नाही, मधेच तोडून घ्यावा लागतो. त्यांना आराम द्यावा. कुणीतरी प्रेमाने सांगा."

एवढंच लिहिलं होतं फ्लेवियाने. ऑफिस सुटल्यावर मरोळ नाक्याला रिक्षात बसून लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की उतरताना तिने रिक्षावाल्याला थँक्यू म्हटलं. बिचारा चमकून बघत राहिला.

कॉन्सेप्टाआंटी म्हणजे तिची सख्खी आई. स्वतःच्या आईला 'आंटी' लिहायला जड जाईल असं तिला वाटलं होतं. नाही गेलं. नाव झाकलेलं असलं की माणूस आपल्याच घराला परका होतो, आणि तेही किती सहज.

चिंचपाखाडी म्हणजे मरोळच्या गावठाणातला एक कोपरा. चहूबाजूंनी काचेच्या बिल्डिंगी, मधे ही कौलं, पत्रे, एकमेकांच्या अंगावर आलेले ओटे, आणि पाखाडीच्या मधोमध दगडी खुरीस, म्हणजे क्रूस. मे महिन्यात नऊ संध्याकाळी सगळी पाखाडी त्या खुरसापुढे प्रार्थनेला जमते. गाणी म्हणायची कॉन्सेप्टाने आणि तिच्या शेजारी उभं राहून जबाब द्यायचा जोॲनने, ही रीत फ्लेविया फ्रॉक घालायची तेव्हापासूनची. जोॲनचं घर बरोबर समोर. मधे गटार आणि दोन पावलांची वाट. या गटारावरून दोघी वर्षातून चार वेळा कडाकडा भांडायच्या. सगळी गल्ली दारात यायची, कुणीतरी म्हातारी मधे पडायची, आणि दुसऱ्या दिवशी जोॲनकडून कोलिमाची चटणी यायची. भांडणाला पण एक चाल होती, गाण्याला असते तशी.

मागच्या वर्षी मात्र कॉन्सेप्टाचा आवाज गेला. एकदम नाही, साडीचा काठ विरतो तसा. वरची पट्टी आली की चिरकायचा, आणि शेवटच्या कडव्याला ती मधेच श्वास घ्यायची. तो श्वास कुणाला कळायचा नाही, कारण नेमक्या त्या जागी जोॲन आपला आवाज घालायची. पण फ्लेवियाला कळायचा. घरी आई स्वैपाक करताना सराव करायची तेव्हा जोॲन नसायची. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी मागच्या रांगेतली पोरं मोबाइल वर धरून हसताना फ्लेवियाने पाहिली. पुढच्या वर्षी आईने गायचं नाही, तिने ठरवून टाकलं.

आता हे आईला सांगायचं कुणी? तिचे पप्पा, गिल्बर्ट, देव त्यांना शांती देवो, एकदा म्हणाले होते, "आज जरा वरचा सूर लागला नाय गो तुझा." त्यावर कॉन्सेप्टा त्यांच्याशी सबंध लेंटभर, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, बोलली नव्हती. उपास त्यांनी केला, मौन तिने. फ्लेवियाला आईच्या रागाची भीती नव्हती. राग आईला शोभायचा. तिला भीती होती रागाआधीच्या त्या एका क्षणाची, जेव्हा आईचा चेहरा पडेल. तो तिला बघायचा नव्हता. आणि डेल्रॉयने बरोबर तीच सोय करून ठेवली होती.

डेल्रॉय तिचा चुलतभाऊ. लोकांनी फोनला चिकटून राहावं म्हणून काय काय करता येईल याचा विचार करायचा त्याला पगार मिळतो. पाखाडीचा आधी साधा व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. त्यात पार्किंगवरून आणि संडासच्या पाइपावरून इतकी जुंपली की दोन सख्खे भाऊ खुरसापुढे एकमेकांची कॉलर धरून उभे राहिले. त्यानंतर ग्रुपवर फक्त गुलाबाची फुलं आणि गुड मॉर्निंग.

"बघ फ्लेव," डेल्रॉय म्हणाला होता, "लोकांना बोलायचंय, पण नावाची भीती वाटते. नाव काढून टाक, सगळे बोलतात. कम्फर्टेबल वाटलं पाहिजे यार माणसाला."

म्हणून त्याने फावल्या वेळात पाखाडीचं स्वतःचं ॲप बनवलं. त्यात कुणालाच नाव नाही. जो लिहील तो 'एक गाववाला'. सगळ्यांचं तेच नाव आणि तोच खुरसाचा बारका फोटो. लिहायचा कंटाळा असेल तर खाली चार इमोजी, पाखाडीच्या भाषेत चेहरे: टाळ्या, लाल बदाम, आग आणि हसून डोळ्यांतून पाणी आलेला. ज्याला जास्त चेहरे मिळतील ते वर. नुसतं छान असेल ते आपोआप खाली.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस फार गोड गेले. जन्मात तोंड न उघडलेली माणसं लिहायला लागली. कुणी लिहिलं, गटार साफ करणाऱ्याला पाणी तरी विचारत जा. कुणी लिहिलं, नवरा गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते. त्या बाईला पाखाडीने इतके बदाम दिले की फ्लेवियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिलाही वाटलं, इथे मन मोकळं करता येतं.

तिने तिची चार वाक्यं टाकली. त्यांवर पहिला चेहरा उमटला तो हसणारा.

मग दुसरा. मग तिसरा. बहुधा दाबणाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. पहिल्याने हसरा दाबला म्हणून दुसऱ्याने दाबला. अंगठ्याला कुठे एवढा विचार असतो? पण हसरे वाढले तशी वाक्यं वर चढली, आणि वर चढली म्हणून आणखी लोकांनी वाचली. रात्रीची जेवणं होईतो ती सगळ्यांत वर जाऊन बसली. खाली बाकीचे गाववाले जमले.

"आराम आम्हाला पण पाहिजे."

"रिक्षाचा हॉर्न पण आंटीपेक्षा सुरात असतो."

"खुरसावरचा येशू पण हात सोडून कानावर ठेवेल."

या शेवटच्याला सर्वांत जास्त हसरे मिळाले. आणि 'प्रेमाने सांगा' हे फ्लेवियाचं शेवटचं वाक्य 'पुढे वाचा' च्या आड गेलं, कारण डेल्रॉयच्या ॲपमध्ये पहिल्या तीनच ओळी दिसायच्या.

कॉन्सेप्टाला ॲप वापरता येत नव्हतं. तिला ते दाखवलं जोॲनने. सकाळीच चपला न घालता वाट ओलांडून आली, चष्मा डोक्यावर, रागाने लाल.

"बग गो, बग काय लिवलंय मेल्यांनी तुज्यावर! हातपाय मोडो त्यांचे." आणि मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं. येशूच्या कानापर्यंत. मैत्रिणीसाठीच्या रागाचा अर्धा भाग मैत्रिणीच्याच कानात ओतायची आपल्याकडे पद्धतच आहे.

कॉन्सेप्टा कांदा चिरत होती. सुरी थांबली नाही. फ्लेविया चहा गाळत होती, तिचाही हात थांबला नाही, फक्त चहा कपाबाहेर गेला.

"परत वाच," कॉन्सेप्टा म्हणाली. "पयलं. श्वासाचं."

जोॲनने वाचलं.

"हम्," कॉन्सेप्टा म्हणाली. "आता जा तू. मना काम हाय."

जोॲन गेल्यावर तिने कांदा बाजूला सारला. "शेवटच्या कडव्याला मी श्वास तोडते," ती शांतपणे म्हणाली, "ते गावाला कुठनं कळलं? गावाला ऐकू येत नाय ते. बाजूला उभी राहते तिलाच ठावं."

"मम्मी, कुणाला पण कळेल..."

"कुणाला?" कॉन्सेप्टाने तिच्याकडे पाहिलं. "सांग ना. आणखी कुणाला?"

हाच तो क्षण होता. फ्लेविया म्हणाली, "चहा गार होतोय."

ऑफिसात तिने दुपारभर फोन हातात धरला. आपण लिहिलेलं पुसायचं बटण होतं. ते दाबायच्या आधी ॲपने तिला सभ्यपणे विचारलं: पुसल्यास या जागी 'हे फ्लेविया यांनी पुसले' असे दिसेल. चालेल का?

तिने डेल्रॉयला फोन लावला.

"अरे, आईवर ते घाण घाण लिहिलंय, ते काढ ना."

"मला नाही काढता येत. ज्याने लिहिलं त्यालाच येतं."

"आणि त्याने काढलं तर त्याचं नाव का दाखवतोस? बाकी सगळं तर झाकलंयस."

"दाखवलंच पाहिजे. नाहीतर लोक लिहितील आणि पळतील," डेल्रॉय म्हणाला. "इतक्या जणांनी त्यावर रिॲक्ट केलंय, तो त्यांचा पण सहभाग झाला ना. एकट्याने कसा पुसायचा?"

फ्लेवियाने आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला. "कुणी लिहिलंय ते तुला तरी दिसतं का?"

"नाही. मी ते ठेवलंच नाही कुठे, ते ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहतं. मी स्वतः बघू शकत नाही." त्याला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. "म्हणून तर लोक इतके फ्री होतायत! फ्लेव, तुला माहितीये, आंटीवरच्या त्या एका पोस्टमुळे सगळी पाखाडी ॲपवर आली. झकास चाललंय."

फ्लेवियाला सुटल्यासारखं वाटलं. आईची वाट लागली होती आणि तिला पहिली भावना झाली ती सुटल्याची. ती तिने कुणाला कधी सांगितली नाही, म्हणून इथे लिहून ठेवायला हवी.

मग तिने दुसरा उपाय केला. एक गाववाला होऊनच तिने आईची बाजू घेतली: "ज्या बाईने तुमच्या आजी-आजोबांच्या मौतीला गायलं तिच्यावर हसता? लाज वाटू द्या." मनापासून लिहिलं. त्यावर बदाम आले दोन, आणि खाली उत्तरं आली ढीगभर. उत्तरं आली म्हणून सबंध गाडा पुन्हा वर गेला. दोन दिवसांत जरा खाली सरकला होता तो. एकाने लिहिलं, "ही आंटी स्वतःच लिहितेय वाटतं." त्यालाही हसरे. आईच्या बाजूने लिहिलं की आई वर, विरुद्ध लिहिलं की आई वर. फ्लेवियाने फोन पर्समध्ये टाकला आणि यंदाच्या प्रार्थनेच्या नवव्या दिवसाची वाट बघायला लागली.

कारण नवव्या दिवशी वात असते.

चिंचपाखाडीत त्या संध्याकाळी कुणी काडेपेटी आणत नाही. खुरसापुढच्या एका दिव्यावर पहिली मेणबत्ती लावतात आणि पुढची प्रत्येक शेजाऱ्याच्या मेणबत्तीवर. 'वात दे' म्हणायचं, समोरच्याने 'घे' म्हणायचं. ज्यांचं वर्षभर बोलणं बंद असेल त्यांना जाणत्या बाया मुद्दाम एकमेकांशेजारी उभं करतात. खुनशी माणसांनीही तिथे वात दिलेली आहे; ते कॉलर धरणारे दोन भाऊसुद्धा तिथेच रडले होते. फ्लेवियाने मनाशी धरलं, जोॲनआंटी वात मागेल, मम्मी देईल, आणि हे सगळं संपेल. आपल्याला काहीच बोलावं लागणार नाही.

त्याआधीच्या आठ संध्याकाळी कॉन्सेप्टा गायली. निळं लुगडं नेसून, हनुवटी वर करून, रोज आदल्या दिवशीपेक्षा मोठ्याने. रोज आदल्या दिवशीपेक्षा वाईट. जोॲन बिचारी जिवाच्या आकांताने जबाब द्यायची, श्वासाच्या जागा भरायची, चिरकलं की वर चढून झाकायची. कॉन्सेप्टा घरी येऊन म्हणायची, "बगितलंस? मना दाबते. माजी जागा पाहिजे तिला."

नवव्या संध्याकाळी सगळी पाखाडी आली होती. एवढी गर्दी खुरसाने नाताळलाही पाहिली नव्हती. ॲपचा तेवढा फायदा झाला म्हणायचा. बायांनी कॉन्सेप्टा आणि जोॲनला शेजारी उभं केलं. कॉन्सेप्टाच्या पलीकडे फ्लेविया. गाणी म्हणणारी म्हणून कॉन्सेप्टाने दिव्यावरून पहिली वात घेतली, तिच्यावरून फ्लेवियाने. जोॲनने आपली मेणबत्ती पुढे केली.

"वात दे गो."

कॉन्सेप्टा समोर खुरसाकडे बघत राहिली.

"कॉन्सेप्टा, वात दे."

"गावाकडनं घे," कॉन्सेप्टा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गावात लपून लिवतेस, तर वात पण गावाकडनंच घे."

जोॲनला समजायला थोडा वेळ लागला.

"मी? मी लिवलं?" ती म्हणाली. "अगो, मना लिवायचं असतं तर मी तुज्या दारात उभी राहून बोंब मारली असती. आजपर्यंत तुज्याशी कवा मी झाकून भांडलेय?"

खरं तर एवढ्यावरूनच कळायला हवं होतं कुणालाही. पण कॉन्सेप्टाने मान फिरवली नाही. मागच्या रांगेत मोबाइल वर झाले.

जोॲनने मेणबत्ती वळवली आणि फ्लेवियापुढे धरली. "तू दे बाय. तुज्या आईचं डोकं फिरलंय. तुना तरी ठावं हाय ना, मी नाय ते?"

फ्लेवियाला ठाऊक होतं. पृथ्वीवर तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या हातात वात जळत होती, आणि 'घे' एवढाच शब्द म्हणायचा होता. पण आई तिच्याकडे बघत होती. 'घे' म्हटलं की आई घरी विचारणार, ती नाय हे तुना कसं ठावं? त्याचं उत्तर एकच होतं.

तिने डाव्या हाताचा पंजा वातीवर आणला, वारा अडवतात तसा, आणि मूठ मिटली.

"विझली आंटी," ती म्हणाली. "माझी विझली."

वारा नव्हता. जोॲनने तिच्या मुठीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. मग न पेटलेली मेणबत्ती तिने चुरगळल्या पदरात खोचली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेली. आजूबाजूला लोक सरकले, पण कुणी थांबवलं नाही. एरवी मधे पडायला कुणीतरी म्हातारी असायची. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या मनात होतं की आपणही एखादा हसरा दाबलाय. मधे कुठल्या तोंडाने पडायचं?

कॉन्सेप्टाने गायला सुरुवात केली. पहिली दोन कडवी निभावली. शेवटच्याला तिने सवयीने मधे श्वास घेतला, आणि त्या जागी काहीच आलं नाही. नुसतं भोक. त्या भोकात तिला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, उघडा, एकटा, म्हाताऱ्या बाईचा. तिने पुढची ओळ उचलली, ती चिरकली, पुन्हा उचलली आणि सोडून दिली. मागून कुणीतरी घाईघाईने 'आम्हांसाठी विनंती कर' म्हटलं आणि प्रार्थना संपवली. चणे वाटले. कुणी हसलं नाही. हसायची जागा दुसरीकडे होती.

घरी येऊन कॉन्सेप्टाने लुगडं घडी करून ठेवलं.

"पुढच्या साली नाय गाणार मी," ती म्हणाली.

फ्लेवियाला हेच हवं होतं. तिने "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधल्या मिसाहून आल्यावर कॉन्सेप्टा बोंबील साफ करायला बसली. फ्लेविया खिडकीशी बसून फोन बघत होती. ॲपवर कालच्या गाण्याचा व्हिडिओ वर चढत होता.

"ते उघडलंयस का?" आईने विचारलं. "गाववाल्यांचं?"

"राहू दे ना मम्मी."

"मना लिवायचंय. मी सांगते, तू लिव."

फ्लेवियाला वाटलं, आई माफी मागणार. एवढ्या दिवसांनी तिला आशा वाटली. तिने बोट तयार ठेवलं.

कॉन्सेप्टाने बोंबलाचं डोकं कापून बाजूला टाकलं. "लिव. समोरची जोॲन रोज सकाळी ओट्यावर बसून कॅनडाला पोराशी फोनवर बोलते. लिवलंस? एल्टन बाळा, एल्टन बाळा करते. सगळ्यांना वाटतं, केवढं प्रेम. पण पलीकडे कोण नसतं."

फ्लेवियाचं बोट थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गिल्बर्ट जायच्या आधीपास्नं त्याने एक फोन केला नाय तिला. नंबर बदललाय त्याने. ती नुसता फोन कानाला लावून एकटीच बोलते. मना सांगितलंन एकदा रडत रडत. खुरसाची शपथ घातलीन, कुणाला सांगू नको म्हणून. लिव."

"मम्मी, हे नको. हे फक्त तुलाच ठाऊक आहे. तिला कळेल लगेच."

"कळू दे की. मना पण कळलं होतं." कॉन्सेप्टाने दुसरा बोंबील उचलला. "नाव येत नाय ना?"

"नाही येत."

"बस तर. तू कशाला घाबरतेस? तुजं काय जातंय?"

फ्लेविया तेव्हा म्हणू शकली असती. मी लिहिलं होतं मम्मी, श्वासाचं मी लिहिलं होतं. सगळे शब्द तोंडात होते. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो जरा सैल झाला होता, रंग आला होता त्याला. तो पडलेला तिला बघवणार नव्हता.

तिने लिहिलं. शुद्धलेखन नीट केलं. पहिल्या तीन ओळींत सगळं बसवलं, म्हणजे काही आड जायला नको.

"दाब," कॉन्सेप्टा म्हणाली.

तिने दाबलं. आई हात पदराला पुसत उठली आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. थोडा वेळ काही झालं नाही. मग पहिला चेहरा उमटला.

"हसला काय गो कोण?"

"हो."

"आणखी येतील?"

"येतील."

समोर ओट्यावर जोॲन बसली होती, फोन कानाला लावून. "जेवलास का बाळा," ती म्हणत होती, "थंडी हाय का तिकडे?" तेवढ्यात तिच्या कानाशीच फोन टिणटिणला. तिने तो खाली घेतला, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि वाचायला लागली.